पार्लमेंटांतील एक सभासद आणि सोलापूरचा मार्शल लॉ

सोलापुरांत चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हीं तीं चार नांवें. दर वर्षीं १२ जानेवारीला तेथें माणसें जमतात, माळा घातल्या जातात, आणि लगेच सारें गांव सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेकडे वळतें. या चौघांची हकीगत सोलापुरांतील घराघरांतून सांगितली जाते. परंतु त्याच प्रकरणाचा एक धागा पांच हजार मैलांवर, थेम्स नदीच्या कांठच्या एका सभागृहांत गुंतलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत रहात नाहीं. पार्लमेंटच्या कामकाजाचा जो छापील वृत्तांत हॅन्सार्ड या नांवानें निघतो, त्याच्या १९३० सालच्या पुस्तकांत सोलापूरचें नांव येतें. गिरण्यांचें आणि हातमागांचें हें गांव तेथें कसें जाऊन पोहोंचलें, आणि तेथें त्याच्या वतीनें बोलणारे कोण होते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पार्लमेंटांतील रीत थोडी समजून घेतली पाहिजे. हिंदुस्थानचा कारभार भारतमंत्री पहात असे आणि तो पार्लमेंटला जबाबदार आहे, असें पुस्तकांत लिहिलेलें असे. प्रत्यक्षांत या जबाबदारीला फार दिवस कांहीं अर्थ नव्हता. इतर मंत्र्यांचा पगार इंग्लंडच्या तिजोरींतून निघे. म्हणून एखाद्या मंत्र्याच्या कारभारावर टीका करावयाची झाली, म्हणजे त्याच्या पगारांत कपात सुचवून सभासदांना वाद उपस्थित करतां येई. भारतमंत्र्याचा पगार मात्र हिंदुस्थानच्या तिजोरींतून जात असे! ज्या रयतेच्या पैशावर तो जगे तिला त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्या सभागृहाला अधिकार होता त्याच्या हातांत त्याचा पगार नव्हता. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा वर्षाकांठीं एकदां, अधिवेशन संपत आलें म्हणजे, बहुधा रिकाम्या बाकांसमोर होत असे. सर विल्यम वेडरबर्न आणि सर हेन्री कॉटन हे मुलकी खात्यांतून निवृत्त होऊन पार्लमेंटांत गेलेले दोघे गृहस्थ, आणि मजूर पक्षाचे कीर हार्डी, यांच्यासारख्यांना अशाच परिस्थितींत हिंदुस्थानची बाजू मांडावी लागली. १९१९ च्या कायद्यानें भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर टाकला, तेव्हां कुठें ही अडचण दूर झाली.

दुसरें साधन म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास. सभासदानें आगाऊ नोटीस देऊन प्रश्न विचारावा, मंत्र्यानें उभें राहून तोंडी उत्तर द्यावें, आणि त्या उत्तरावर सभासदानें पुन्हां एखादा उपप्रश्न करावा, अशी ही पद्धत आहे. आपल्या लोकसभेनें आणि विधानसभांनीं ती तशीच उचलली. या तासांत राज्य उलथत नाहीं, कीं कायदा बदलत नाहीं. परंतु जी गोष्ट सरकारला कागदाखालीं दडपावयाची असते, तिच्याविषयीं चार वाक्यें उघडपणें बोलणें त्याला भाग पडतें, आणि तीं वाक्यें छापलीं जातात.

आतां सोलापूरकडे वळूं. १९३० च्या एप्रिलांत मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. सोलापूरच्या नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज उभारला. मे महिन्याच्या ४ तारखेच्या मध्यरात्रीं महात्मा गांधींना पकडण्यांत आलें, आणि त्या बातमीनें गिरण्यांच्या या गांवांत हलकल्लोळ झाला. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूला शिंदीचीं झाडें तोडण्याचा सत्याग्रह चालू असतां पोलिसांनीं कांहीं जणांना धरलें. त्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला, आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यांत पडला. पुढें जमावाचा तोल सुटला. मंगळवार पेठेंतील पोलीस चौकीवर हल्ला होऊन पोलीस शिपाई ठार झाले. कोर्टाची इमारत जळाली. अहिंसेची शपथ घेतलेल्या चळवळीला हा डाग होता, आणि तो होता हें सांगण्यांत हुतात्म्यांचा अवमान होत नाहीं. कलेक्टर नाइट हे जमावाच्या तावडींत सांपडले असतां त्यांना मल्लप्पा धनशेट्टी यांनींच वांचविलें, असें सोलापुरांत आजहि सांगतात.

यानंतरचे तीन-चार दिवस सोलापुरांत इंग्रजी अंमल असा उरलाच नाहीं. पोलीस निघून गेले. चौकाचौकांत काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहिले. १२ मे च्या रात्रीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला, आणि तो ३० जूनपर्यंत चालला. या अवधींत डोक्यावर गांधी टोपी असणें ही संशयाला पुरेशी खूण झाली आणि राष्ट्रध्वज हातीं धरणें हा मोठा गुन्हा ठरला. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव यांसारखे काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगांत गेले. ‘कर्मयोगी’ पत्राच्या संपादकांनाहि शिक्षा झाली. गांवांतलें बोलणारें तोंड असें बंद झाल्यावर गांवांत काय चाललें आहे हें बाहेरच्या जगाला सांगणार कोण? वृत्तपत्रांवर एप्रिलच्या अखेरीस काढलेल्या वटहुकुमाची टांच होतीच. अशा वेळीं दूरच्या सभागृहांत कोणी एक प्रश्न विचारला, तर त्याची किंमत एरवींपेक्षां वेगळी होते.

पार्लमेंटांत त्या वेळीं मजूर पक्षाचें सरकार होतें; त्याला स्वतःचें बहुमत नव्हतें. मुख्य प्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड आणि भारतमंत्री वेजवुड बेन. मॅक्डोनल्ड हे कांहीं हिंदुस्थानला परके नव्हते. ते १९०९ सालीं येथें येऊन गेले, परत जाऊन त्यांनीं ‘दि अवेकनिंग ऑफ इंडिया’ हें सहानुभूतीचें पुस्तक लिहिलें, आणि १९११ च्या काँग्रेसचें अध्यक्षपदहि त्यांना देऊं केलें होतें; पत्नीच्या मृत्यूमुळें तें राहून गेलें. काँग्रेसच्या खुर्चीवर बसतां बसतां राहिलेला हा गृहस्थ मुख्य प्रधान असतां सोलापुरांत मार्शल लॉ पुकारला गेला. इतिहासांत असे योग पुष्कळ येतात. शाळेच्या पुस्तकांत मात्र ते क्वचितच सांपडतात.

प्रश्न विचारणारे सभासद दोन प्रकारचे होते. विरोधी बाकांवरून, सरकार पुरेसें कडक कां होत नाहीं, असें विचारलें जाई. लँकेशायरच्या प्रतिनिधींना कापडावरील बहिष्काराची काळजी होती. सोलापूरच्या गिरण्यांना या काळजीचा जुना अनुभव होता. १८९६ सालीं देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली ती लँकेशायरच्याच समाधानासाठीं, आणि ती उठावयाला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. याच्या उलट बाजूला, सरकारच्याच पक्षांतला पण सरकारला न जुमानणारा, स्वतंत्र मजूर पक्षाचा एक लहानसा गट होता. जेम्स मॅक्स्टन हे त्याचे पुढारी. हिंदुस्थानच्या प्रश्नावर या गटांत सर्वांत नेटानें बोलणारे सभासद म्हणजे फेनर ब्रॉकवे.

ब्रॉकवे यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८८ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील ख्रिस्ती मिशनरी. मुलाचें शिक्षण इंग्लंडांत मिशनऱ्यांच्या मुलांसाठीं असलेल्या शाळेंत झालें, आणि तो पत्रकार झाला. १९०७ च्या सुमारास तो कीर हार्डी यांची मुलाखत घेण्यास गेला. गेला तेव्हां लिबरल मताचा होता, परत आला तो समाजवादी होऊन. पुढें ‘लेबर लीडर’ पत्राचें संपादकत्व त्याच्याकडे आलें. पहिल्या महायुद्धांत सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हां शस्त्र धरणार नाहीं असें सांगून ब्रॉकवे तुरुंगांत गेले आणि युद्ध संपल्यावर, १९१९ सालींच सुटले. लिव्हरपूलच्या तुरुंगांत असतां कैद्यांसाठीं चोरून हस्तलिखित पत्र काढण्याचा उद्योग त्यांनीं केला आणि त्याबद्दल एकांतवासाची शिक्षा भोगली. सुटल्यावर एका मित्राबरोबर इंग्लंडांतील तुरुंगांविषयीं त्यांनीं जो मोठा ग्रंथ तयार केला तो १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. हिंदी राजबंद्यांविषयीं बोलतांना हा सभासद पुस्तकांतून वाचलेलें बोलत नव्हता. कोठडीचें दार बाहेरून बंद होतांना कसा आवाज येतो हें त्याला ठाऊक होतें.

हिंदुस्थानशीं त्यांचा राजकीय संबंध १९१९ सालीं जडला. काँग्रेसची एक ब्रिटिश कमिटी लंडनांत होती आणि ती ‘इंडिया’ नांवाचें साप्ताहिक चालवीत असे. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठीं लंडनला होते, त्या काळांत या कमिटीची पुनर्घटना झाली. ब्रॉकवे तिचे एक चिटणीस आणि पत्राचे संपादक झाले. परंतु हें काम फार दिवस टिकलें नाहीं. डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराचा मार्ग पत्करला आणि त्याबरोबर ब्रिटिश कमिटी व तिचें पत्र दोन्ही बंद करण्याचें ठरविलें. विचार असा कीं, स्वराज्य मिळावयाचें तें येथील लोकांच्या बळानें मिळेल. वेस्टमिन्स्टरला अर्ज-विनंत्या करण्यांत हिंदुस्थानचा पैसा कशाला खर्च करावा? या ठरावानें ब्रॉकवे यांची नोकरी गेली, पण त्यांचें मत बदललें नाहीं. १९२७ च्या मद्रास काँग्रेसच्या सुमारास ते हिंदुस्थानांत आले. तेथें मोटारीच्या अपघातांत जखमी होऊन ते इस्पितळांत पडले, आणि गांधीजी त्यांना भेटण्यास तेथें गेले. १९२९ च्या निवडणुकींत पूर्व लेटन मतदारसंघांतून ते पार्लमेंटांत गेले. ‘दि इंडियन क्रायसिस’ हें त्यांचें पुस्तक निघालें तें १९३० सालींच.

त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत प्रश्नोत्तरांच्या तासाला हिंदुस्थानचे प्रश्न नाहींत असा आठवडा क्वचितच जात असे. पेशावरचा गोळीबार, लाठीमार, वटहुकूम, राजबंद्यांची वागणूक आणि सोलापूरचा मार्शल लॉ, असे हे विषय. उत्तरें देणारे वेजवुड बेन हे दुष्ट गृहस्थ नव्हते. हिंदुस्थानला वसाहतीचें स्वराज्य मिळावें, यासंबंधीं लॉर्ड आयर्विन यांनीं ३१ ऑक्टोबर १९२९ रोजीं जी घोषणा केली, तिच्या पाठीशीं ते उभे राहिले होते आणि त्याबद्दल विरोधी पक्षाचे टोमणे त्यांनीं सोसले होते. परंतु सोलापूरविषयीं बोलतांना त्यांच्या हातीं होती ती फक्त हिंदुस्थान सरकारची तार. त्या तारेचा मूळ आधार म्हणजे मुंबई सरकारचा अहवाल, आणि मुंबई सरकारच्या अहवालाचा आधार म्हणजे ज्यांच्या वर्तनाविषयीं प्रश्न विचारला जात होता त्या अधिकाऱ्यांचेंच म्हणणें. आरोपीची जबानी तीन वेळां नक्कल करून न्यायाधीशापुढें ठेवावी, तसा हा प्रकार होता. त्या मार्गानें जी माहिती लंडनला पोहोंचे, तींत मेलेल्या पोलिसांचा हिशेब असे. टोपीसाठीं खाल्लेल्या माराचा नसे.

येथें एक गोष्ट भारतमंत्र्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पोलीस मारले गेले होते आणि कोर्ट जळालें होतें. कोणतेंहि सरकार हें पाहून स्वस्थ बसलें नसतें. प्रश्न होता तो पुढचा. शांतता परत आल्यावर सुद्धां कित्येक आठवडे लष्करी कायदा कां चालू ठेवला? दंगलीशीं ज्यांचा संबंध नाहीं अशांना झेंड्यासाठीं व लेखांसाठीं शिक्षा कां दिल्या? हिंसेचा बंदोबस्त आणि मताचा बंदोबस्त या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा भेद ब्रॉकवे आणि त्यांचे सोबती पुन्हां पुन्हां दाखवीत होते. आणि मंत्री महाशय, तेथें जागेवर असलेल्या अधिकाऱ्यावर आपला विश्वास आहे, या एका तटबंदीच्या आड उभे होते.

सोलापूरचा लष्करी कायदा ३० जूनला उठला. त्याच दिवशीं पंडित मोतीलाल नेहरूंना अटक झाली. पार्लमेंटचें अधिवेशन उन्हाळ्याच्या सुटीसाठीं संपत आलें होतें. एवढ्या मोठ्या देशांत हजारों माणसें तुरुंगांत असतां, हिंदुस्थानच्या परिस्थितीवर चर्चा केल्यावांचून सभागृहानें सुटीवर जाऊं नये, अशी ब्रॉकवे यांची मागणी होती. १७ जुलै १९३० रोजीं त्यांनीं मुख्य प्रधानांकडे ती केली. मॅक्डोनल्ड कबूल होईनात. अध्यक्षांनीं खालीं बसण्यास सांगितलें. ब्रॉकवे बसले नाहींत. पुन्हां सांगितलें, पुन्हां बसले नाहींत. तेव्हां अध्यक्षांनीं त्यांचें नांव उच्चारलें. पार्लमेंटांत सभासदाला एरवीं मतदारसंघाच्या नांवानें संबोधतात. अध्यक्षानें प्रत्यक्ष नांव घेतलें कीं शिक्षेची पहिली पायरी झाली असें समजावयाचें. निलंबनाचा ठराव मांडला तो त्यांच्याच पक्षाच्या मुख्य प्रधानांनीं.

मतें मोजलीं जात असतां आणखी एक विलक्षण प्रकार झाला. ब्रॉकवे यांच्या बाजूचे सभासद जॉन बेकेट यांनीं टेबलावरचा राजदंड उचलला आणि ते दाराकडे चालूं लागले. राजदंड जागेवर नसेल तर सभागृहाचें कामकाज चालूं शकत नाहीं. दारापाशीं सेवकांनीं त्यांना अडविलें आणि तो परत आणून ठेविला. ब्रॉकवे यांच्या पाठोपाठ बेकेटहि निलंबित झाले. आपल्याकडील विधिमंडळांतून राजदंड पळविण्याचे प्रकार झाले म्हणजे वडीलधारी मंडळी नाक मुरडतात; परंतु मूळ पीठांतच हा उद्योग हिंदुस्थानच्या प्रश्नावरून झाला होता, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं राजदंडाची कथा रंगवून छापली, आणि जिच्यासाठीं हें सारें झालें ती चर्चेची मागणी त्या गदारोळांत मागें पडली. बेकेट यांच्या धाडसानें ब्रॉकवे यांच्या कार्याचें नुकसानच झालें, असें म्हणावें लागतें. हेच बेकेट पुढें कांहीं वर्षांनीं मोस्ले यांच्या फॅसिस्ट पक्षांत गेले! ज्याला फक्त मोडतोडीची आवड असते, त्याला कोणत्या बाजूनें मोडावें याचें विशेष सोयरसुतक नसतें.

सोलापूरचें प्रकरण मात्र मार्शल लॉ बरोबर संपलें नव्हतें. मंगळवार पेठेंतील पोलिसांच्या खुनाबद्दल धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालून त्यांना फांशीची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ साप्ताहिकाचे संपादक. शिंदे हे तरुणांच्या चळवळींतले कार्यकर्ते. चौघेहि निरपराध आहेत आणि पुढारी म्हणून त्यांना गोंवलें आहे, अशी सोलापूरकरांची खात्री होती. मुंबईच्या उच्च न्यायालयांत अपील झालें; लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली गेली. कशाचाहि उपयोग झाला नाहीं.

त्या वेळीं लंडनमध्यें काय चाललें होतें? १२ नोव्हेंबर १९३० पासून गोलमेज परिषद भरली होती. संस्थानिक, नेमस्त पुढारी आणि निरनिराळ्या जमातींचे प्रतिनिधी हिंदुस्थानच्या भावी घटनेचा विचार करीत होते, आणि मॅक्डोनल्ड अध्यक्षस्थानीं होते. देशांतील सर्वांत मोठा पक्ष तुरुंगांत होता. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत चौघांना फांशी देण्यांत आलें. १९ जानेवारीला मॅक्डोनल्ड यांनीं परिषदेचा समारोप करतांना हिंदुस्थानला जबाबदारीचें राज्य देण्याविषयींचें आपल्या सरकारचें धोरण जाहीर केलें. २६ जानेवारीला गांधीजी सुटले. चौदा दिवस, एवढेंच अंतर. दोन आठवडे ती शिक्षा लांबणीवर पडती तर काय झालें असतें, हा विचार सोलापूरच्या लोकांच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

मग पार्लमेंटांतील त्या प्रश्नांचा उपयोग काय झाला? नागपूरच्या ठरावाच्या बाजूनें बोलणारा म्हणेल कीं, कांहींच नाहीं. लष्करी कायदा त्यानें एक दिवस आधीं उठला नाहीं आणि चौघांतला एकहि वांचला नाहीं. हें म्हणणें खोडून काढतां येत नाहीं. परंतु त्यांतून दुसरीहि एक गोष्ट निष्पन्न होते. त्या दिवसांत सोलापूरच्या पत्रांना जें छापतां येत नव्हतें, त्याविषयींचा प्रश्न तरी लंडनच्या कागदावर उमटत होता. ब्रॉकवे यांनीं हिंदुस्थानवर उपकार केला अशी भाषा कोणी वापरूं नये. त्यांनीं स्वतः ती कधीं वापरली नाहीं. आपल्या नांवानें चाललेल्या राज्यांत काय घडतें, हें विचारणें ते स्वतःचें काम समजत होते, आणि तें काम त्यांनीं आपलाच पक्ष सत्तेवर असतां केलें. विरोधी बाकांवर बसून परक्या सरकारला प्रश्न विचारणें सोपें असतें.

त्याची किंमतहि त्यांनीं दिली. ऑक्टोबर १९३१ च्या निवडणुकींत ते पडले. पुढच्या वर्षीं त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुख्य मजूर पक्षापासून फुटला, आणि पार्लमेंटचें दार त्यांना पुन्हां उघडलें तें १९५० सालीं, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर. तेव्हां त्यांनीं आफ्रिकेंतील वसाहतींचा प्रश्न हातीं घेतला, आणि वर्णभेदाला कायद्यानें बंदी घालणारें विधेयक पुन्हां पुन्हां मांडलें. १९६४ सालीं ते अवघ्या अकरा मतांनीं हरले. ज्या उमरावांच्या सभागृहावर त्यांचा तात्त्विक आक्षेप होता, तेथेंच मग त्यांना जावें लागलें, आणि तेथेंहि ते बोलतच राहिले. २८ एप्रिल १९८८ रोजीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

लंडनमध्यें रेड लायन स्क्वेअर नांवाची एक लहानशी बाग आहे. तेथें ब्रॉकवे यांचा पुतळा त्यांच्या हयातींतच, १९८५ सालीं उभारला गेला. एक हात पुढें केलेला, जणूं अध्यक्षांनीं खालीं बसण्यास सांगितलें आहे आणि बोलणें अजून पुरें व्हावयाचें आहे, अशा आविर्भावांत ते तेथें उभे आहेत.